कायमची मुभा

“मग त्या अकरा ओळी गेल्या कुठं? मुंग्यांनी नेल्या?”

“मी काढल्या.”

“मला न विचारता?”

“घालताना तुम्ही मला विचारलं होतं का, कौतिकाबाई?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही.

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?”

“नाही.”

“मग विचारायचं कशाला!”

हंसाबाई हसल्या. मी हसले नाही. पहाटेची एसटी धरून, मांडीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन मी भांडायलाच आले होते. हसायला माझ्या गावातही जागा आहे.

हंसाबाई मठातल्या तपस्विनी. वय एकोणपन्नास. माझं एकाहत्तर. दीक्षा घेण्याआधी त्या कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करायच्या, एवढंच मला माहीत आहे. जास्त त्या सांगत नाहीत.

मठात जुन्या पोथ्या आहेत. त्यांच्या पानांची चित्रं काढून वेबसाइटवर लावली, तेव्हा प्रश्न आला की कुणी नुसतं वाचावं, कुणी पाठ दुरुस्त करावा, कुणी नवं पान चढवावं. हंसाबाईंनी त्यासाठी कोड लिहिलं. नाव ठेवलं ‘मुभा’. आणि ते सगळ्यांसाठी उघडं टाकलं. घ्या, वापरा, बदला, कुणाला दाम नाही. आता कुठल्या कुठल्या देशांतले लोक ते आपल्या वेबसाइटला जोडतात. त्यांना हा मठ माहीत नाही, आणि मठाला ते.

मुभाचं काम सोपं आहे. आत येताना तुम्ही एकदा ओळख पटवायची. मग तुम्हाला एक टोकन मिळतं, म्हणजे सही केलेली चिठ्ठीच. चिठ्ठीत दोन गोष्टी असतात: तुम्हाला काय करता येईल, आणि कधीपर्यंत. पुढं प्रत्येक दारात तीच चिठ्ठी दाखवायची. दार तुम्हाला ओळखत नाही. ते सही बघतं, मुदत बघतं, सोडतं.

मुदत पंधरा मिनिटांची. संपली की पुन्हा ओळख.

माझं भांडण त्या पंधरा मिनिटांशी होतं.

“ठकूबाईला तुम्ही ओळखता?” मी विचारलं.

“नाही.”

“ओळखायला हवं. पन्नास वर्षं बी जपलंय तिनं. आमच्या नऊ गावांत गावरान बियाण्याचं जेवढं ज्ञान आहे, त्यातलं निम्मं तिच्या डोक्यात आहे. कुणाच्या घरी कुठलं बी, कधी पेरलं, कसं आलं, हे सगळं मी वेबसाइटवर घेतलं. तुमचं मुभा जोडून. ठकूबाई घरून आत शिरते, बांधापर्यंत चालत जाते, तुरीचा फोटो काढते... आणि तुमचं मुभा तिला म्हणतं, तू कोण?”

हंसाबाई ऐकत होत्या.

“ती मला काय म्हणाली सांगू? म्हणाली, काहून वो कौतिका, तुही वेबसाइट मले घडीघडी कोण म्हणून इचारते? मी काय चोट्टी आहो?”

“काय उत्तर दिलंत?”

“उत्तर? मी अकरा ओळी लिहिल्या!”

त्या ओळींचं सांगते. मुदतीच्या जागी मी एक नवा शब्द घातला होता: कायम. ज्या माणसावर तुमचा विश्वास आहे, त्याला कायमचं टोकन द्या. पुन्हा विचारायला नको. कोडमध्ये सुधारणा करायचा हक्क मला वर्षभरापासून होता. ते जगापुढं प्रकाशित करायचा नव्हता. तो एकट्या हंसाबाईंकडं होता. मी सुधारणा केली, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर जागा साफ.

“आपल्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा अपमान,” मी म्हटलं. “एवढं साधं आहे.”

“ठकूबाईंना तुम्ही कायमचं टोकन दिलंत...”

“दिलं असतं.”

“...ते परत कसं घ्याल?”

“परत घ्यायचं कशाला? ती ठकूबाई आहे!”

“फोन तिचा आहे?”

“तिचाच.”

“उद्या?”

फोन सुनेचाही असतो. कधी लेकीच्या सासरी जातो आणि महिनाभर येत नाही. पण ते मी कशाला सांगू?

“दार लक्षात ठेवत नाही, कौतिकाबाई. ते चिठ्ठी बघतं. चिठ्ठी कायमची, तर दार कायमचं उघडं. मग ती कुणाच्याही हातात असो.”

“हे मला माहीत नाही, असं वाटतं तुम्हाला?”

“माहीत आहे. म्हणून तर सांगायला संकोच वाटत नाही.”

ही त्यांची पद्धत. चिमटा काढतात आणि वर हळदही लावतात.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. माझं मूळ म्हणणं अजून बाहेर पडलं नव्हतं, आणि ते पोटात घेऊन मी परतीच्या एसटीत बसणार नव्हते.

“खरं सांगा,” मी म्हटलं. “प्रकाशनाचा हक्क मला का देत नाही? वर्ष झालं. तुमच्या कोडमधल्या चाळीस चुका मी दुरुस्त केल्या. डिग्री नाही म्हणून? म्हातारी म्हणून?”

“बेचाळीस.”

“काय?”

“चुका. बेचाळीस दुरुस्त केल्यात.”

“मग?”

ओसरीच्या कडेनं एक खारूताई गेली, हंसाबाई तिच्याकडं बघत राहिल्या.

मला असं गप्प राहणं सोसत नाही. एकतीस वर्षं मी बालवाडीत पोरांना अक्षरं शिकवली. निवृत्त झाल्यावर स्वतःला कोड शिकवलं. मला शिकवायला कुणी आलं नाही, आणि मी कुणाला बोलावलंही नाही. इंग्रजी मी संगणकाच्या चुकांच्या संदेशांवरून शिकले. त्यामुळं ‘सापडलं नाही’ आणि ‘परवानगी नाही’ हे मला आधी यायला लागलं, ‘कसे आहात’ फार नंतर. एवढं करून आलेल्या बाईला उत्तर मिळायला हवं.

“ठीक,” मी म्हटलं. “मी वेगळी प्रत काढते. तुमचं सगळं कोड उचलते, माझ्या अकरा ओळी घालते, माझ्या नावानं चालवते. नऊ गावांतल्या बायका माझ्याकडं येतील. आणखीही येतील. बघू मग मुभा कुणाचं ते.”

मला वाटलं, आता तरी दचकतील. उघड्या कोडच्या जगात याच्याइतकं जिव्हारी लागणारं काही नसतं. एका घराच्या दोन चुली, आणि गावभर चर्चा.

“काढा,” हंसाबाई म्हणाल्या.

“काढू?”

“मुभाच्या परवान्यात लिहिलंच आहे. मला विचारायचीही गरज नाही. फक्त नाव वेगळं ठेवा.”

“राग नाही येत तुम्हाला?”

“चांगली निघाली तर मीही वापरीन.”

आता सांगा, अशा बाईशी भांडायचं कसं! मी पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. परतीची एसटी थेट संध्याकाळी होती. तोंडातून आग काढायची तर समोर कुणीतरी जळायला नको का?

तेवढ्यात त्या उठल्या. खुंटीवरची झोळी घेतली, एक झाकणाचा डबा घेतला.

“भिक्षेची वेळ झाली. येता?”

“मी कशाला?”

“वाटेत भांडता येईल.”

गेले.

त्या मठाचा नियम असा. रोज भिक्षा मागायची. उद्यासाठी ठेवायचं नाही. दारात उभं राहून हाक द्यायची, ती एकदाच. मग थांबायचं, फार नाही, चुलीवरचं दूध उतरवून बाईला दारापर्यंत येता येईल इतकंच. आली तर घ्यायचं. नाही आली तर पुढं.

पहिल्या घरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मिळाली. वर ठेचा. दुसऱ्या घरी अंबाडीची भाजी, डब्यात. तिथली सून नवी होती, तिनं मला विचारलं, “तुम्ही बी मठातल्या का वो?” मी म्हटलं, “नाही, मी भांडायला आलेय.” ती तोंडाला पदर लावून आत पळाली. हंसाबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, “दुपारपर्यंत चालेल अजून.”

तिसरं घर द्वारकाबाईंचं. वाटेतच हंसाबाईंनी मला सांगितलं होतं की हे घर सतरा वर्षं देतंय. ज्या दिवशी त्या या गावात आल्या, त्या दिवशी पहिली भाकरी याच दारात मिळाली होती.

दार अर्धं उघडं होतं. आत भांड्यांचा आवाज येत होता.

हंसाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. हाक दिली.

“भिक्षा, माय.”

आवाज थांबला. कुणी आलं नाही.

“आत जा की,” मी हळू आवाजात म्हटलं. “सतरा वर्षांचं घर. ओळखीचं आहे.”

त्यांनी मान हलवली. उभ्याच राहिल्या.

मग द्वारकाबाई आल्या. हात ओले होते, कपाळावर केस आले होते. दारातूनच म्हणाल्या,

“आज नाही जी. पुढं व्हा.”

बस. कारण नाही, उद्या या नाही, बसा नाही.

“बरं, माय. दंडवत,” हंसाबाई म्हणाल्या.

“दंडवत, बाई.” आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळानं भांडी पुन्हा वाजू लागली.

मी हंसाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्या खुशीत होत्या. खोटं सांगत नाही. शाळेत पोराला पहिल्यांदा आपलं नाव लिहिता आलं की बाईच्या तोंडावर जे येतं, तसं काहीतरी.

“सतरा वर्षं देणारी बाई तोंडावर नाही म्हणते, आणि तुम्ही खूश?”

“छान म्हणाली ना.”

“काय छान त्यात?”

“सरळ म्हणाली. बहाणा शोधत बसली नाही.”

“अहो, पण कारण तरी विचारायचं! कुणी आजारी असेल. नवरा ओरडला असेल. तुमच्यावर रुसली असेल.”

“कारण तिच्या घरात आहे, कौतिकाबाई. मी दारात आहे.”

आम्ही चालू लागलो. ऊन चढलं होतं. मी दोन पावलं मागं होते, आणि ते मला आवडत नाही, म्हणून मी पाय उचलले.

“तुमच्या जागी मी असते,” मी म्हटलं, “तर एकदाच ठरवून टाकलं असतं. रोजची एक भाकरी, कायमची. तिलाही सोपं, मलाही.”

“तिनंच म्हटलं होतं.”

“काय?”

“आठ वर्षं झाली असतील. म्हणाली, बाई, रोज हाक कशाला मारता? ओट्यावर ताट झाकून ठेवत जाईन. तुमचं तुम्ही उचलून न्या. मी घरात असो, नसो.”

“मग?”

“नको म्हटलं.”

“का?”

पण पुढचं दार आलं होतं. हंसाबाई उभ्या राहिल्या.

“भिक्षा, माय.”

तिथं अर्धी भाकरी मिळाली, आणि मूठभर शेंगदाणे.

मठात परत आलो. त्यांनी सगळं एका ताटात काढलं आणि दोन वाटे केले. मला मोठा दिला. मी तो बदलला. त्यांनी पुन्हा बदलला. मग मी म्हटलं, “आपण आता याच्यावरही भांडायचं का?” आणि खाल्लं.

ठेचा जबरदस्त होता. नाकातून पाणी येईपर्यंत आम्ही दोघी खात राहिलो.

माझ्या मनात द्वारकाबाईंचे ओले हात फिरत होते. ‘आज नाही जी.’ किती सहज म्हणाली. आणि उद्या हाच आवाज ऐकून ती भाकरी घेऊन येईल, याची मला खात्री होती. ओट्यावर ताट झाकून ठेवणारी बाई एक दिवस ताट ठेवायला विसरली असती, तर... तर काय झालं असतं? ती चुकली असती. गुन्हेगार झाली असती. आजची द्वारकाबाई कुणाचीच गुन्हेगार नव्हती.

हे मी हंसाबाईंना सांगितलं नाही. एवढ्या लवकर हार मानायची माझ्या घराण्यात रीत नाही.

हात धुऊन मी म्हटलं, “तुमची पंधरा मिनिटं कुणी ठरवली?”

“मी.”

“कशावरून?”

“पोथीचं एक पान नीट वाचायला पंधरा मिनिटं लागतात. म्हणून.”

“इथं ओसरीवर बसून?”

“हो... इथंच.”

“शेताचा बांध पोथीच्या पानाएवढा असतो का, हंसाबाई?”

त्या थांबल्या. पहिल्यांदाच. ओल्या हातानं कपाळ पुसलं.

“नसतो.”

“ठकूबाईच्या तुरीपर्यंत जायला चाळीस मिनिटं लागतात. आणि बांधावर रेंज नाही.”

“चुकलं माझं.”

मी आयुष्यभर शिकलेल्या लोकांशी भांडत आले. हेडमास्तरांशी, साहेबांशी, नात्यातल्या दोन वकिलांशी. हे दोन शब्द मला फार थोड्यांनी दिलेत. आणि त्या थोड्यांनीही ते असे सरळ दिले नाहीत. बरोबर ‘पण’ जोडून दिले. हंसाबाईंनी ‘पण’ जोडला नाही.

“मग लिहा,” मी म्हटलं.

“तुम्ही लिहा. मी बघते.”

लॅपटॉप उघडला. दोन तास गेले. त्या एक ओळ सुचवायच्या, मी नाही म्हणायचे. मी एक लिहायचे, त्या ‘हं’ म्हणायच्या. ते ‘हं’ कौतुकाचं नसायचं. शेवटी सात ओळी राहिल्या. मुदत किती, ते वेबसाइट चालवणारानं आपली माणसं बघून ठरवावं. कुणाला पंधरा मिनिटं, कुणाला चार तास. जास्तीत जास्त एक दिवस. बांधावर रेंज नसेल तर फोटो फोनमध्ये थांबेल, फोनला रेंज मिळाली की जाईल.

कायम हा शब्द मी घातला नाही. त्यांनी काढायला सांगितलाही नाही.

“ठकूबाई रोज सकाळी एकदा ओळख देईल,” मी म्हटलं. “चहा घेता घेता. तेवढं चालेल तिला. मी समजावीन.”

“काय सांगाल?”

“सांगेन की मुभाच्या मालकिणीलाही रोज दारोदार हाक द्यावी लागते.”

हंसाबाई मोठ्यानं हसल्या. ओसरीवरच्या चिमण्या उडाल्या. या वेळी मीही हसले. आता लपवायचं काय?

सगळ्या चाचण्या चालवून बघितल्या. एकशे अठ्ठावीस. एकेक करून हिरव्या झाल्या, म्हणजे पास. मी शेवटच्या हिरव्याकडं बघत बसले. वेगळ्या प्रतीचं माझ्या मनातून केव्हाच निघून गेलं होतं. पण दुसरी गोष्ट निघाली नव्हती.

“करा प्रकाशित,” मी म्हटलं. आवाज मुद्दाम सपाट ठेवला.

“तुम्ही करा.”

“मला हक्क कुठाय?”

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडं ओढला. काही टाइप केलं. मग माझ्याकडं सरकवला.

पडद्यावर टोकन होतं. माझ्या नावाचं. मुभाची नवी आवृत्ती जगापुढं ठेवायची परवानगी.

खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. ठेच्याचं नव्हतं. मी बटण दाबलं. माझ्या सात ओळी गेल्या, जिथं जिथं मुभा चालतं तिथं तिथं. कुठल्यातरी देशात कुणीतरी आता त्या उतरवून घेईल. त्याला माझं गाव माहीत नसेल. नसू दे. मला त्याचं कुठं माहीत आहे!

मग मी टोकनाची मुदत वाचली.

“हे काय?”

“काय?”

“आज सूर्यास्तापर्यंत?”

“हो.”

“आजच्या आज? वर्षभर थांबले मी या हक्कासाठी! बेचाळीस चुका दुरुस्त केल्या! आणि तीन तासांची मुभा?”

“अडीच,” त्या घड्याळाकडं बघून म्हणाल्या.

“आणि उद्या? उद्या काही दुरुस्त करायचं निघालं तर?”

“उद्या मागा.”

“परवा?”

“परवाही.”

“रोज मागू? या वयात? तुम्ही मला ओळखता, माझं काम ओळखता, ताटातला मोठा वाटा मला देता, आणि मी रोज सकाळी तुमच्या दारात उभी राहून हाक देऊ... विश्वास नाही माझ्यावर?”

हंसाबाईंनी झोळी झटकली, घडी घातली आणि खुंटीला अडकवली. मग माझ्यासमोर येऊन बसल्या, इतक्या जवळ की गुडघ्याला गुडघा लागला.

“पूर्ण आहे, कौतिकाबाई. म्हणून तर म्हणते, मागत जा... मलाही रोज एकदा ‘हो’ म्हणू द्या.”